वाशिष्ठीचा गाळ डोंगरावरून येतो

संपादक महोदय,

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतून किती गाळ काढला, याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात नेमाने वाचतो. २२ जुलै २०२१ रोजीच्या महापुरात आमच्या ओटीवर छातीभर पाणी होते आणि ते ओसरल्यावर उरलेला चिखल घमेल्यांनी उपसायला आम्हाला आठ दिवस लागले. त्यामुळे या कामाचे मोल मी जाणतो. मात्र तो चिखल तांबडा होता, डोंगराच्या मातीचा होता, हे विसरून चालणार नाही.

तिवऱ्याकडच्या सह्यकड्यांतून निघणारी ही नदी दाभोळजवळ समुद्राला मिळेपर्यंत जेमतेम ७० किलोमीटर वाहते. सारा उतार ती सुरुवातीच्या थोड्या अंतरात उतरते आणि चिपळूणपाशी, जिथवर भरतीचे पाणी चढते, तिथे तिचा वेग एकदम मंदावतो. डोंगराची माती साहजिकच शहराच्या कुशीत बसते. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्याला एके काळी गलबते लागत, हे आज मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही.

डोंगरावरचे रान तुटते म्हणूनच ही माती सुटते. पण हे रान आजच तुटू लागले असे नाही. आंग्र्यांच्या काळात आरमारासाठी साग राखला जाई; कंपनी सरकारचे कलेक्टर डनलॉप यांनी जाहीरनामा काढून खासगी जमिनीतील सागावरचा सरकारी हक्क सोडला. पुढे कातासाठी खैर गेला, जळाऊ लाकडासाठी ऐन आणि किंजळ. आपल्या जिल्ह्यात सरकारी वन नाममात्र असून डोंगर मालकीचे आहेत. सातबाऱ्यावर वीस नावे, त्यांतली पंधरा मुंबईत. ठेकेदार देईल ती रक्कम वाटून घेतली की विषय संपतो. मी भावकीला दोष देत नाही, कारण उभ्या झाडाचे त्यांना कोणी काहीच देत नाही.

आमच्या वाडीच्या वरचा उतार गेल्या उन्हाळ्यात असाच सपाट झाला. किंजळीच्या बुंध्यांना फुटवे आले होते, पण पहिल्याच मोठ्या पावसात त्यांच्या मुळांखालची माती निघून गेली आणि पऱ्या, म्हणजे आमचा ओढा, दुपारपर्यंत लाल वाहत राहिला.

ऐन, किंजळ व खैर ही तिन्ही झाडे १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणजे परवान्याशिवाय ती तोडता येत नाहीत. तेव्हा वाशिष्ठी आणि तिला मिळणाऱ्या जगबुडी नदीच्या पाणलोटात परवाना देण्यापूर्वी उताराची प्रत्यक्ष पाहणी व्हावी, पऱ्यांच्या दोन्ही काठांचा पट्टा राखला जावा आणि रान राखणाऱ्या मालकाला गाळ उपशाच्या निधीतून दरवर्षी काही मोबदला मिळावा, अशी माझी शासनाला विनंती आहे.

आपला,
एक वाचक, चिपळूण