जाळाकडं पाठ

कराड, १४ जानेवारी

प्रिय सुऱ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, रागावला असशील. इकडं सगळे बरे. आईचे गुडघे तेवढे थंडीनं धरलेत.

गुऱ्हाळाचं चित्र शेवटी घेतलं रे, तैलरंगात. चुलवाणात चिपाड सारणारे दादा, मागं काहिलीवर वाकलेला गुळव्या आणि कडेला आपण दोघं. रात्र म्हणून अंधार आयव्हरी ब्लॅकनं जाड भरला होता. पंधरा दिवसांनी बोट लावलं तर ठसा उमटला! सगळं सुरीनं खरवडलं. बर्न्ट अंबरमध्ये अल्ट्रामरीन मिसळून टर्पेंटाइननं पातळ बसवलं, तेव्हा कुठं त्या अंधारात हवा शिरली.

जाळात पांढरा घालू नको, म्हणून औंधच्या संग्रहालयात रवी वर्म्यांच्या चित्रांपुढं तू माझ्याशी भांडला होतास. तुझंच खरं. टिटॅनियम व्हाइट जरा जास्त झाला की जाळाची राख होते. आता कॅडमियमचा नारिंगी निव्वळ ठेवलाय आणि भोवतीचं सगळं मळकट केलंय. तेवढ्यानं धग लागते. पण त्या दिवशी एसटी तुझ्यामुळंच चुकली, ते मी सोडणार नाही.

काल आई चित्रापुढं उभी राहिली. म्हणाली, "ह्यांचं तोंड कुठाय? आणि स्वेटर तर निळा होता." तुझ्या आईनं विणलेला, तोच. जाळाच्या उजेडात निळ्याचा अंश फार थोडा, त्यात निळं काळंच दिसतं, हे तिला पटलं. तोंडाचं पटेना. "मागं सरा रे पोरांनो" म्हणत दादा आपल्याकडं वळलेत, म्हणजे जाळाकडं पाठ. गालाची एक कड उजळलीय आणि कानाची पाळी, तीही आरपार लाल. बाकी चेहरा अंधारात. घरात त्यांचा फोटो म्हणजे ओळखपत्रावरचा, तोही पुसट. आईला भिंतीवर माणूस हवाय, सुऱ्या, आणि मी तिला कान दिलाय.

मान जाळाकडं फिरवली तर चेहरा लख्ख दिसेल. पण मग ते आपल्याकडं बघत नाहीत. ते बघणं तू आणि मी सोडून कुणी पाहिलंय? रात्रभर हेच डोक्यात आहे.

तुझ्या बदलीचं कळलं. पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार.

त्यांची मान नेमकी किती वळायची, तुला आठवतं तसं लिही. लवकर लिही. कानाचा रंग अजून ओला आहे, चार दिवस तरी पुसता येईल.

तुझा,
बाळ्या