मुलांची हजेरी पालकांना कळविण्याबाबत सूचना

शाळा व्यवस्थापन समितीच्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलांच्या उपस्थितीतील नियमितपणा, शिकण्याची क्षमता व प्रगती यांची माहिती त्यांना देणे हे शिक्षकांचे कर्तव्य आहे. त्यामुळे हजेरी कळवा म्हणणे म्हणजे कोणाकडे उपकार मागणे नव्हे.

आपल्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात, मूल आजीजवळ राहते आणि शाळेच्या नोंदीतला मोबाईल क्रमांक मात्र दूर फडात कोयता चालवणाऱ्या बापाचा असतो. दप्तर घेऊन निघालेले मूल वर्गात पोचलेच नाही, हे आजीला संध्याकाळपर्यंत कळत नाही.

तरी येत्या शनिवारच्या सभेला येताना प्रत्येकाने आपल्या वस्तीवरील अशा मुलांची नावे आणि त्यांना सध्या सांभाळणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक लिहून आणावा. पहिल्या तासाच्या हजेरीनंतर गैरहजर मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन जावा, असा ठराव मांडायचा आहे. नुसत्या संदेशाने भागणार नाही. कित्येक आज्यांना वाचता येत नाही. ज्या घरी फोनच नाही, तिथे शेजाऱ्याचा क्रमांक त्याच्या संमतीने घ्यावा.