घंटेची तुळई बदलायची आहे, नाताळाच्या आत

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

आपल्या चर्चची मोठी घंटा पावसाळ्यापासून मुकी आहे. सागवानी तुळई वाळवीने पोखरली. सुताराने मनोऱ्यावर चढून पाहिले आणि दोरीला हात लावू नका म्हणून बजावले. धाकटी वाजते, पण ओढ्यापलीकडच्या वस्तीला ती ऐकू जात नाही.

१८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरात पोरक्या लेकरांना पोटाशी धरले. त्यांतलेच काही आपले पणजोबा, हे इथे कुणाला सांगायला नको. चर्च त्यांनी बांधले, घंटा पुढच्या पिढीने आणली. सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये साचे चालवणारी आपली माणसे पगाराच्या दिवशी डब्यात पैसे टाकत. आपण भोंग्यावर उठतो, गावाला घंटा हवी, ही त्यांची हौस. तरी कमी पडले तेव्हा शाळेतल्या बाईंनी पाटल्या मोडल्या. कप्पी लावून घंटा वर ओढली ती तालमीतल्या पोरांनी, आणि त्यांत ख्रिस्ती एकही नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपाने पहाटे अख्खे गाव अंगणात आले, तेव्हा पाळकसाहेबांनी हीच घंटा वाजवून सगळ्यांना मैदानात गोळा केले.

घंटेचे कासे अजून ठणठणीत आहे. चार भाग तांब्याला साधारण एक भाग कथील, म्हणून नाद गोड, पण धातू ठिसूळ. मध्यंतरी कुणी लोलकालाच दोरी बांधून ठोकू लागले होते. तसे केल्याने घंटा तडकते, ते वेळीच थांबवले. लोलक एकाच जागी आदळून कड झिजली आहे. उतरवणारच आहोत, तर पाव फेरा फिरवून टांगू.

मागच्या वर्षीही कळवले होते. पुण्या-मुंबईकडच्यांनी मनोऱ्याचे फोटो मागवले, आम्ही पाठवले. पावतीपुस्तकाची सातच पाने फाटली, त्यांतली पाच गावातल्यांची. वाईट वाटले, लपवत नाही. तुमची लग्ने याच घंटेने गावाला कळवली आणि तुमच्या आईवडिलांना हिनेच निरोप दिला.

तुळई, लोखंडी पट्टे, दोरखंड, मजुरी यांचे अंदाजपत्रक व खाते क्रमांक चर्चच्या फलकावर. रोख रक्कम रविवारी उपासनेनंतर खजिनदारांकडे, पावती घ्यावी. आगाऊ दिल्याशिवाय लाकूड येणार नाही, म्हणून निम्मी रक्कम हंगामाच्या सणापर्यंत हवी. जुने सागवान देणार असाल तर आधी सांगा. श्रमदान शनिवारी सकाळी ८ वाजता. शिडी असल्यास आणावी.

आपला,
चिटणीस, पंचमंडळ