पंप दाखवता, मग सुईचं माप कोण सांगणार?

मा. संपादक,

माझ्या मुलीला थॅलेसेमिया हा रक्ताचा जन्मजात आजार आहे, सारखं रक्त चढवून अंगात साठलेलं लोह काढायला डेस्फेराल या औषधाचा पंप आठवड्याला 5 रात्री, 8 ते 12 तास पोटाच्या कातडीखाली सुई टोचून लावावा लागतो. दुकानदाराने पंपाची किंमत सांगितली, सुईबद्दल चकार शब्द नाही! सुई आखूड पडली तर औषध बाहेर झिरपतं, लांब झाली तर स्नायूत टोचते आणि पोर कळवळते. आमच्याकडे सकाळी पट्टी काढली तर फ्रॉक ओलाचिंब आणि सुईभोवती लाल गाठ. पंपात कुठली सिरिंज बसते, आवाज किती येतो हेही बघायला हवं, चाळीच्या एका खोलीत सगळेच झोपतो हो. हॉस्पिटलांनी पंप घ्यायच्या आधीच नर्सकडून पोराच्या अंगाप्रमाणे सुई ठरवून द्यावी.

– एक आई, लालबाग