राजकारण बाजूला ठेवून मैत्री होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, त्यांचं म्हणणं असं की मैत्री टिकवायची असेल तर राजकारणाचा विषयच काढू नये, आणि नेटवर तर अजिबातच नको, तिथे नुसते शत्रू मिळतात. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं, त्यांनी बरंच काही सोसलेलं दिसतंय. पण मला ते पटलं नाही आणि का नाही पटलं ते सांगायला लिहितेय, पत्र जरा लांबेल, जागा कमी असेल तर कापा पण काकांचा भाग तेवढा ठेवा.

माझ्या सगळ्यात जवळच्या माणसांपैकी तिघं मला नेटवर राजकारणावर वाद घालताना मिळाली. अकरा वर्षं होतील आता. शाळेतल्या मैत्रिणी आहेत, ऑफिसमधल्या आहेत, जीव आहे माझा त्यांच्यावर, पण त्यांच्याशी बोलताना एक विषय कायम वगळून बोलावं लागतं, आणि नेमकं मला आतून जे वाटतं ते त्याच विषयात असतं. कर कुणी किती भरायचा, तुरुंगात कुणाला टाकायचं, अनोळखी माणसाच्या दुःखाचं आपण काही देणं लागतो की नाही, हे सगळं राजकारणच आहे की. ते बाजूला ठेवायचं म्हणजे निम्मा माणूस बाजूला ठेवायचा, मग उरतं काय, हवापाणी आणि वाढदिवसाचे मेसेज.

आता काका. (सगळेच त्यांना काका म्हणतात, मीही.) पक्के माझ्या विरुद्ध बाजूचे. आयुष्यभर प्रूफं तपासलेला माणूस, त्यामुळे माझ्या मुद्द्याला उत्तर द्यायच्या आधी माझी वेलांटी सुधारायचे. मला राग यायचा, कारण बाईने राजकारणावर तोंड उघडलं की तुम्हाला यातलं काय कळतं म्हणणारे ढिगाने भेटतात, मला वाटलं हा त्यातलाच प्रकार. नंतर बघितलं तर ते स्वतःच्या बाजूच्या लोकांच्या वेलांट्यापण तशाच सुधारत होते, आणि त्यांनी खोटा आकडा टाकला तर तोपण.

आमचं मोठं भांडण झालं ते निवडणुकीच्या पद्धतीवरून. मी हटून बसले होते की मतांच्या प्रमाणात जागा वाटायच्या म्हटलं की कुणालाच बहुमत नाही, सरकारं टिकणारच नाहीत. काकांनी न्यूझीलंड काढलं. तिथे 1993 च्या सार्वमतात लोकांनी पद्धत बदलायचा कौल दिला, 1996 ला नव्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली, आणि 2011 ला परत लोकांना विचारलं तर त्यांनी तीच राहू द्या म्हणून सांगितलं. एवढी डळमळीत असती तर ठेवली असती का लोकांनी, असं त्यांचं म्हणणं. मी तीन आठवडे यात खोट शोधत होते. शेवटी लिहिलं, काका हा मुद्दा तुमचा, मी चुकले. सगळ्यांसमोर हे टाईप करायला काय लागतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, बोट बटणावर ठेवून मी किती वेळ बसले होते. वाटलं आता त्यांच्या बाजूचे नाचतील. काकांचं उत्तर आलं, की फ्रान्सचं 1946 ते 1958 मधलं प्रजासत्ताक बघा, तिथेही प्रमाणातच जागा होत्या आणि बारा वर्षांत वीसहून जास्त सरकारं झाली, ते उदाहरण तुमच्या कामाचं होतं, तुम्ही दिलंच नाहीत.

मी हार मानल्यावर माझ्या बाजूचा पुरावा मला त्यांनी आणून दिला! त्या दिवसापासून मी त्यांना माझा माणूस मानते. अजूनही आमचं मत एका जागी जात नाही.

दुसरी माझी मैत्रीण, तीपण पलीकडचीच. एका निवडणुकीत आमची बाजू साफ आपटली, मी वर्षभर त्याच्यासाठी राबले होते, दारोदार फिरले होते, निकालाच्या रात्री फोन हातात घेऊन अंधारात बसले होते. मेसेज येत होते, बहुतेक टोमणेच. आणि तिच्या नावाखाली 'टायपिंग' दिसायला लागलं. मग गेलं. परत आलं, परत गेलं. असं तासभर तरी चाललं असेल आणि शेवटी काहीच आलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त 'झोपलीस का गं थोडी?' एवढं आलं. पुढे बऱ्याच महिन्यांनी मी तिला विचारलं की त्या रात्री काय लिहीत होतीस. म्हणाली अगं, सात-आठदा लिहिलं, प्रत्येक वेळी वाचून बघितलं तर मी जिंकल्याचा माज केल्यासारखं दिसत होतं म्हणून पुसलं. ती जिंकली होती, तिच्याकडे लोक आनंदाने ओरडत होते, आणि ही बाई एका कोपऱ्यात बसून माझ्यासाठी शब्द पुसत होती. लांबून झालेली मैत्री वरवरची असते म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, वरवरची म्हणजे नक्की कशी.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांचा 2018 चा एक अभ्यास आहे. त्यांनी हिशोब मांडला की ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण 50 तास सोबत जावे लागतात, पक्का मित्र व्हायला 90 च्या आसपास, आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त. नुसतं शेजारच्या टेबलावर बसून काम केलेल्या तासांनी तेवढा फरक पडत नाही असंही त्यात दिसलं. आमच्यासारख्यांचे तास त्यांनी मोजलेले नाहीत हे मला मान्य आहे, पण आम्ही एकमेकांचं म्हणणं खोडून काढण्यासाठी एकमेकांचं वाचलंय, दोनदोनदा वाचलंय, एकेका शब्दावर थांबून वाचलंय. इतकं लक्ष देऊन मला घरच्यांनीही कधी ऐकलेलं नाही. (घरच्यांचा राग नाही, घरात कामं असतात.)

नेटवर लोक घाण बोलतात हे मी नाकारत नाही, मला स्वतःला इतकं बोलले गेलेत की इथे लिहिता येणार नाही. जॉन सुलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 2004 मध्ये हे छान मांडलं होतं, की पडद्याआड माणसाचा संकोच सुटतो आणि त्याच्या दोन्ही बाजू असतात, एक शिवी देतो आणि दुसरा जे कुणाला कधी सांगितलं नाही ते सांगून मोकळा होतो. तुमच्या त्या वाचकांना पहिली बाजू भेटली असेल. मला दोन्ही भेटल्या.

काकांना मी प्रत्यक्ष भेटले ते नऊ वर्षांनी, त्यांची गाडी बदलायची होती म्हणून स्टेशनवर, मध्ये तीन तास होते. मी मनात एक धिप्पाड खर्जातला माणूस धरला होता, बाकावर बसले होते ते बारीकसे, आवाजही पातळ. पहिली दहा मिनिटं इतकी अवघडलेली गेली की मला वाटलं उगाच आले. प्रवास कसा झाला, बरा झाला, गर्दी आहे नाही, आहे हो. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, 'म्हणजे असं बघा...', आणि मला एकदम ओळख पटली, कारण नऊ वर्षं प्रत्येक वाद ते ह्याच शब्दांनी सुरू करत आलेत! पुढचं काय सांगू, गाडीची अनाउन्समेंट झाली तेव्हा आम्ही मतदानाचं वय 16 करावं की नाही याच्यावर होतो, ते डब्यात चढले आणि दारातून अजून बोलतच होते.

सगळ्या मैत्र्या टिकल्या नाहीत. तिसऱ्याबद्दल मी लिहिणार नव्हते पण त्याशिवाय हे पत्र अर्धवट राहील. तो माझ्याच बाजूचा, सगळ्यात आधी ओळख झाली ती त्याच्याशीच, आणि एका मुद्द्यावर त्याने बाजू बदलली तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर 'विकला गेलास' म्हणाले. माझ्याकडे पुरावा काही नव्हता. सहा वर्षं झाली, बोलणं बंद.

जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन या अमेरिकेच्या सुरुवातीच्या दोन राष्ट्राध्यक्षांचंही असंच तुटलं होतं, 1800 च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते समोरासमोर होते, हरलेले अ‍ॅडम्स जेफरसनच्या शपथविधीलाही थांबले नाहीत. मग 1812 च्या 1 जानेवारीला अ‍ॅडम्सनी चार ओळी लिहिल्या, दोघांच्या मागे लागला होता तो बेंजामिन रश नावाचा त्यांचा डॉक्टर मित्र. सोबत घरी विणलेल्या कापडाचे दोन तुकडे पाठवतोय असं लिहिलं, खरं म्हणजे ते त्यांच्या मुलाच्या व्याख्यानांचे दोन खंड होते. पार्सल उशिरा पोचणार होतं, म्हणून जेफरसननी ते खरंच कापड समजून आपल्याकडच्या सूतकताईवर लांबलचक उत्तर लिहिलं. अकरा वर्षांनी बोलायला लागले आणि पहिल्याच पत्रात असा घोळ, तरी तुटलं नाही. पुढच्या चौदा वर्षांत 158 पत्रं झाली, त्यातली दुपटीहून जास्त अ‍ॅडम्सची. राजकारण त्यांनी पत्रांतून काढून टाकलं नव्हतं, आपण काय केलं आणि का केलं हे ते शेवटपर्यंत एकमेकांना समजावत राहिले. दोघंही 4 जुलै 1826 ला, एकाच दिवशी गेले.

आमच्यात रशसारखं मागे लागणारं कुणी नाही, म्हणून गेल्या रविवारी मीच लिहिलं त्याला. मुद्द्यावर अजूनही तू चूकच आहेस असं मला वाटतं पण तो शब्द माझा चुकला, असं. वाचल्याची खूण आलीये. काल रात्री थोडा वेळ टायपिंग दिसलं.

आपली,
एक नियमित वाचक