खिशातली सवलत, डब्यातली सवलत

ताई,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, लिहिलं तर रागवाल. पण रात्री साडेदहाला चष्मा शोधत वरच्या मजल्यावर आलेल्या ताई कोण, हे तुम्हाला कळेलच.

काकांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानासाठी मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत बिलाचा प्रोग्राम लिहीत होतो. ‘ग्राहक’ क्लासमध्येच, म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांच्या सामायिक साच्यातच, सवलत ५ टक्के. दिवाळीत नेहमीच्या काही गिऱ्हाइकांना १२ टक्के द्यायचे, म्हणून त्यांच्या ऑब्जेक्टवर, म्हणजे त्या साच्यातून बनलेल्या एकेकाच्या नोंदीवर, वेगळी सवलत लिहिली. दिवाळी सरल्यावर, ऑब्जेक्टवर लिहिलेलं काढणाऱ्या डेल-अ‍ॅटरने ती काढून टाकली आणि सवलतीचा विषय संपला असं समजलो. बिलातून ५ टक्के वजा होतच राहिले. पुन्हा काढायला गेलो तर अ‍ॅट्रिब्यूट-एरर, म्हणजे असं काही नाहीच! खालच्याच ओळीत छापून बघावं तर ५. बरं, आधी हॅज-अ‍ॅटरला विचारावं तर ते म्हणे ‘आहे’, आणि डेल-अ‍ॅटर म्हणे ‘नाही’. दोन संध्याकाळी या भांडणात गेल्या.

तुम्ही उत्तर सांगितलंच नाहीत. “व्हार्स छाप,” एवढंच म्हणालात. ऑब्जेक्टवर स्वतःचं काय काय लिहिलंय ते व्हार्स दाखवतं. छापलं, तर ऑब्जेक्टच्या डिक्शनरीत, म्हणजे त्या नोंदींच्या यादीत, नाव होतं, फोन होता, सवलतीचा पत्ता नव्हता. मग वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर तुम्ही एक खिसा काढलात आणि एक डबा. “अरे, बघताना आधी खिशात बघतात, नसेल तर घरच्या डब्यात. काढताना मात्र फक्त खिशातून. डबा सगळ्यांचा. क्लासवरची सवलत काढलीस तर सगळ्यांचीच जाईल. एखाद्याला द्यायचीच नसेल तर त्याच्या खिशात शून्य ठेव.”

शून्य! माझ्या डोक्यात फक्त ‘काढणे’ बसलं होतं.

त्याच बैठकीत आणखी एक चूक सापडली. व्हार्सवरच फॉर लूप फिरवून, म्हणजे एकेक नोंद घेत जाऊन, मी आतल्या आत ऑब्जेक्टवरच्या नको त्या गोष्टी, म्हणजे नको ती अ‍ॅट्रिब्यूट्स उडवत होतो. फिरताना डिक्शनरीचा आकार बदलला की पायथन रनटाइम-एरर देतं. आधी नावांची लिस्ट करून घ्यायची, मग काढायचं. आणि आहे की नाही ते ठाऊक नसेल तर व्हार्समधून पॉप करायचं (काढून घ्यायचं), सोबत नन (‘काहीच नाही’) देऊन, म्हणजे नसलं तरी आरडाओरडा होत नाही. स्लॉट्सवाल्या, म्हणजे कोणकोणत्या गोष्टी ठेवायच्या ते आधीच ठरवून दिलेल्या, क्लासच्या ऑब्जेक्टला सहसा ही डिक्शनरीच नसते, हे तुम्ही जिना उतरता उतरता सांगितलंत. ते मला दुसऱ्या दिवशी उमजलं.

चालत्या प्रोग्राममध्ये ऑब्जेक्टचे अवयव असे काढत बसू नये, हे तुमचं मत. बहुतांशी पटलं. एका ठिकाणी मात्र मी काढतोच. पायथन ३.८ पासून, म्हणजे २०१९ पासून, कॅश्ड-प्रॉपर्टी मिळते. बिलाची बेरीज तिच्यात ठेवली आहे. एकदा मोजलेली बेरीज ऑब्जेक्टच्या खिशात जाऊन बसते. नवी वही बिलात चढली की जुनी बेरीज डेल करतो. पुढच्या वेळी मागितली की ती नव्याने मोजली जाते. यावर तुम्ही मान डोलावलीत, तेव्हा परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

ताई, मनापासून आभार. ती यादी दुकानातल्या मॉनिटरला चिकटवली आहे, मागे साबुदाणा दोन किलो लिहिलेलं तसंच आहे. परवा काका विचारत होते, हा डबा कसला रे? म्हटलं, सवलतीचा. ते म्हणाले, मग तो गिऱ्हाइकांना दिसणार नाही असा लाव.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा