पुनरागमनाचे श्रेय एकट्या जिद्दीला नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गंभीर दुखापतीनंतर कोर्टवर परतलेल्या टेनिसपटूंविषयी गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर आलेला लेख मी आवडीने वाचला. परंतु त्यात शस्त्रक्रियेच्या दिवसावरून थेट विजयाच्या दिवसावर उडी घेतली होती आणि मधला सगळा काळ ‘दुर्दम्य जिद्द’ एवढ्या दोन शब्दांत उरकला होता. माझा आक्षेप जिद्दीला नाही. खासबागेतल्या कुस्तीवर आणि शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलवर पोसलेल्या कोल्हापुरात तिचा तुटवडा कधीच नव्हता. तरीही गुडघा किंवा खांदा दुखावल्यावर येथील अनेक मुले खेळाबाहेर गेली ती गेलीच, आणि त्याचे कारण त्यांच्या मनाच्या दुबळेपणात शोधणे अन्यायाचे आहे. व्यावसायिक टेनिसपटूला परतता येते, याचे एक मोठे कारण असे की परतण्याची वाट त्या खेळाच्या नियमांतच आखून ठेवलेली आहे. आपल्या लेखात तिचा उल्लेखही नव्हता.

अर्जेंटिनाच्या हुआन मार्टिन डेल पोत्रोचे उदाहरण घेऊ. २००९ मध्ये रॉजर फेडररला अंतिम फेरीत हरवून त्याने अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. पुढे २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांत त्याच्या डाव्या मनगटावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. तो उजव्या हाताने खेळणारा, मग डाव्या मनगटाचे एवढे काय, असे कोणासही वाटेल. परंतु दोन्ही हातांनी मारायच्या बॅकहँडमध्ये चेंडूला जोर मुख्यतः डावा हात देतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो डेलरे बीचच्या स्पर्धेत परतला, तेव्हा जागतिक क्रमवारीत एक हजाराच्याही खाली घसरला होता आणि बॅकहँडचा जोरदार फटका टाळून एका हाताने चेंडू कापून परतवत होता. वेळ मिळवायचा आणि संधी येताच उजव्या हाताच्या फोरहँडने गुण घ्यायचा, असा खेळ त्याला नव्याने उभारावा लागला. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने पहिल्याच फेरीत जोकोविचला आणि उपांत्य फेरीत नदालला हरवून रौप्यपदक मिळवले, आणि नोव्हेंबरमध्ये झाग्रेब येथे मारिन चिलिचविरुद्ध पहिले दोन सेट गमावल्यावरही सामना जिंकून अर्जेंटिनाच्या पहिल्यावहिल्या डेव्हिस करंडकाला हातभार लावला.

हजाराच्या खालचा खेळाडू मोठ्या स्पर्धांत उतरतो कसा? पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये संरक्षित क्रमवारीचा नियम आहे. दुखापतीमुळे किमान सहा महिने न खेळलेला खेळाडू त्यासाठी अर्ज करू शकतो. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतील त्याच्या क्रमवारीची सरासरी धरली जाते आणि तिच्या आधारे त्याला नऊ महिन्यांत नऊ स्पर्धांना प्रवेश मिळतो. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास ही सवलत बारा महिने आणि बारा स्पर्धा अशी वाढते. मानांकन (अव्वल खेळाडू सुरुवातीलाच एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून स्पर्धेत दिला जाणारा क्रम) मात्र मिळत नाही, त्यामुळे पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडू समोर ठाकू शकतो. म्हणजे दार उघडून दिले जाते. आत गेल्यावर फुकट काहीच पदरात पडत नाही. हा नियम नसता, तर नुकत्याच भरलेल्या मनगटाने सर्वांत खालच्या दर्जाच्या स्पर्धांत आठवड्यामागून आठवडे सामने खेळत वर चढावे लागले असते, आणि नेमका तोच ताण दुखापत उलटवतो. संरक्षित क्रमवारीमुळे मोजक्या स्पर्धा निवडून मध्ये विश्रांती घेता येते. मला तर ही वैद्यकीय उपचाराइतकीच मोलाची गोष्ट वाटते.

अँडी मरेची गोष्ट याहून बोलकी आहे. जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या खुब्याच्या सांध्यात धातूचे आवरण बसवले गेले. जूनमध्ये तो लंडनच्या क्वीन्स क्लबवर परतला तो दुहेरीत, कारण तेथे निम्मेच कोर्ट सांभाळावे लागते. फेलिसियानो लोपेझच्या साथीने त्याने ती स्पर्धा जिंकलीही. ऑगस्टमध्ये एकेरी सुरू केल्यावर, एकेकाळी जगात पहिला असलेला हा खेळाडू मायोर्का येथील दुय्यम दर्जाच्या चॅलेंजर स्पर्धेतही खेळला. ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला वावरिंकाला हरवून त्याने विजेतेपद मिळवले, त्याच्या मागे ही उतरंड होती. अर्थात त्यानंतर ग्रँड स्लॅमच्या एकेरीत तो तिसऱ्या फेरीपुढे कधी गेला नाही. डेल पोत्रोच्या गुडघ्याची वाटी २०१८ मध्ये शांघायला फुटली, परतल्यावर २०१९ मध्ये पुन्हा फुटली, आणि बऱ्याच शस्त्रक्रियांनंतरही २०२२ मध्ये ब्युनोस आयर्सला त्याला अखेरचा सामना खेळावा लागला. त्याची जिद्द तेव्हा कमी पडली, असे कोणी म्हणेल काय? रोहन बोपण्णाच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजलेली होती, पुण्यातील बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीच्या योगाभ्यासाला त्याने आपल्या टिकून राहण्याचे मोठे श्रेय दिले आणि २०२४ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, मॅथ्यू एब्डेनसह ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेची दुहेरी जिंकली. दर वेळी जिद्दीला काही ना काही आधार होता, आणि तो असूनही यशाची हमी नव्हती.

आता आपल्याकडे पाहू. आपल्याच राही सरनोबत हिला कोपराच्या दुखापतीने दीर्घकाळ छळले. त्यातून सावरून २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तूल नेमबाजीचे सुवर्णपदक तिने मिळवले आणि त्या स्पर्धांत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. ऐश्वर्या जाधवसारखी कोल्हापूरची मुलगी २०२२ मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली. नाव झालेल्या खेळाडूकडे निदान लोकांचे लक्ष असते. शालेय स्पर्धेत खेळणाऱ्या मुलाचे तसे नसते. चौदा, सतरा, एकोणीस असे वयोगट ठरलेले. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण ठरलेली. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाल्यावर नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरल्यास पुन्हा दुखापत होण्याचा धोका बराच वाढतो. तेवढ्यात तालुक्याच्या स्पर्धा होऊन जातात, मुलाचे वय पुढच्या गटात सरकते आणि दहावीचे क्रीडा गुण किंवा पुढे नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण ज्या प्रमाणपत्रांवर मिळते, ती प्रमाणपत्रे हुकतात. क्रीडाशिक्षक म्हणून नोकरी केली त्या काळात पायाला पट्टी गुंडाळून, गोळी घेऊन मैदानावर उतरणारी मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यामागे उभे असलेले पालकही. ‘एवढा एक सामना खेळ’ हे वाक्य त्या पालकांच्या तोंडून निष्ठुरपणामुळे येत नसे. वर्ष वाया जाईल ही त्यांची भीती खरीच होती. तालमीतला वस्तादही मालिश करून पोराला पुन्हा मातीत उतरवतो, त्यामागे पुष्कळदा हाच हिशेब असतो.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आदल्या वर्षी विभागीय किंवा राज्य पातळीवर खेळलेला विद्यार्थी दुखापतीमुळे किमान सहा महिने बाहेर राहिला, तर परतल्यावर त्याला तालुक्याची पायरी वगळून थेट जिल्ह्याच्या निवड चाचणीत एकदा संधी द्यावी, आणि दुखापतीच्या काळात त्याचा वयोगट सरकला असल्यास ती पुढच्या गटात मिळावी. निवड मात्र चाचणीतील खेळावरच व्हावी; प्रमाणपत्र किंवा गुण सवलतीने देण्यास माझा विरोधच राहील. खोट्या दाखल्यांची शंका रास्त आहे (आपल्याकडे दाखला कसा निघतो, हे वाचकांना मी सांगायला नको), म्हणून खासगी चिठ्ठी न स्वीकारता सीपीआर या येथील सरकारी रुग्णालयातील अस्थिरोग विभागाची तपासणी सक्तीची करावी आणि खेळण्यास योग्य असल्याचा शेराही तेथूनच घ्यावा. यास मोठा निधी लागत नाही. नियम राज्य पातळीवर बदलावा लागेल, परंतु तसा प्रस्ताव पाठवण्यास जिल्हा क्रीडा कार्यालय आणि क्रीडाशिक्षकांच्या संघटना यांना अडचण नसावी. नव्या शैक्षणिक वर्षाच्या स्पर्धांचे वेळापत्रक ठरण्यापूर्वी आपल्या प्रतिनिधीने संबंधित अधिकाऱ्यांना याविषयी विचारावे आणि त्यांचे उत्तर, होकार असो वा नकार, त्याच क्रीडा पानावर छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर